वळणावरचा दगडचोर

हसू नका असं मी सांगणार नाही. हसणार तर तुम्ही आहातच. फक्त चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा, आणि माझी ही फजिती आमच्या व्याह्यांच्या कानावर घालू नका. त्या माणसाच्या मनात माझ्याबद्दल अजून थोडा आदर शिल्लक आहे, तो असू द्या.

तर आमचं गाव चोपड्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला टेकडी. टेकडीवर अंजनाची झाडं, बोरीची झुडपं, नशीब चांगलं असेल तर मोर. आम्ही गावातले म्हातारे रोज सकाळी ती चढतो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, आणि तेवढाच वेळ घरच्यांनाही शांतता मिळते म्हणून.

वर जायची पायवाट दर पावसाळ्यात वाहून जायची. शेवटी भास्कर नानांनी ठरवलं की कोणाची वाट पाहत बसायचं नाही, दर रविवारी आपणच घमेली-फावडी घेऊन यायचं आणि ती नीट ठेवायची.

हे नाना माझे बालमित्र. शाळेत एका बाकावर बसलो. ते पुढे शिकले, मी चौथीत थांबलो, कारण मास्तरांची तब्येत बिघडायला लागली होती. नानांचा जन्म रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून गेला. नोकरी संपली, मुकादमकी राहिली. दोन माणसं जेमतेम जातील एवढी वाट, तिला हा गृहस्थ दोरी लावून मापतो. मुरूम टाका, पाणी मारा, धुमसाने ठोका, दोन्ही कडांना दगड बसवा. एखादा दगड जरा तिरपा बसला की नानांच्या पोटात दुखतं.

एकदा मी त्यांच्या मापाच्या दोरीला हळूच गाठ मारली. वाट हातभर अरुंद झाली. टेकडी आकसली कशी म्हणून नाना दुपारपर्यंत डोकं खाजवत होते. हे आत्ताच सांगतो, कारण पुढे तीच गाठ माझ्या गळ्याला बसली.

आता वाटमाय. टेकडी अर्धी चढलं की एक वळण लागतं, तिथे अंजनाखाली दगडांचा मोठा ढीग आहे. मूर्ती नाही, देऊळ नाही, नुसता ढीग. वर जाणाऱ्याने तिथे एक दगड टाकायचा, हात जोडायचे, म्हणजे पाय दुखत नाहीत. आमचे बाप टाकत होते, त्यांचे बापही टाकत होते. नानांची मोठी बहीण, वेणूआक्का, तर पायथ्यापासून पिशवीत दगड घेऊन चढते. मी तिला म्हणायचो, "आक्का, वर काय दगडांचा दुष्काळ शे?" ती माझ्याकडे बघून नुसती मान हलवायची. ती मान का हलायची हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळीनंतर वाट पुरी झाली. अशी सुरेख की चप्पल घालून चालायची लाज वाटावी. आणि पुढच्याच रविवारी पाहतो तर वाटमायच्या वळणाच्या अलीकडे कडेचे दगड गायब. बाकी सगळी कड जशीच्या तशी, तेवढ्याच जागी खिंडार.

बसवले. पुन्हा गेले. पुन्हा बसवले. पुन्हा गेले.

कोणी म्हणालं शेळ्या ढकलतात. मग शेळ्यांना तीच जागा का आवडते? कोणी म्हणालं माकडं. माकडं दगड नेऊन काय बंगला बांधणार आहेत? कोणी म्हणालं एखादा घराच्या पायाला नेतो. अरे बाबा, गावाजवळचा नाला दगडांनी भरलाय, तो सोडून टेकडी चढून दगड कोण नेईल? काही कळेना. मीच सगळ्यात जास्त डोकं चालवत होतो, आणि माझंच डोकं सगळ्यात जास्त गरगरत होतं.

मग एका सकाळी त्या खिंडारापाशी मुरूम सुटला, नानांचा पाय घसरला आणि ते खाली बसले. घोटा टम्म सुजला. एकनाथच्या चहाच्या टपरीवर त्यांना धरून आणलं. बाकावर पाय लांब करून नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुकलाल, दगड कोठे शेत?"

"माले काय म्हाईत?"

"गंमत पुरे झाली. सांग."

"नाना, मी नही लिनात भो. वाटमायनी शपथ."

"तू नही ते कोन?" आक्का मधेच म्हणाली. "बठ्ठा गावले म्हाईत शे."

तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी निर्दोष होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी हसत नव्हतं. नाना म्हणाले, "दोरीला गाठ मारलीस, मी हसलो. आता पाय मोडला असता. येत्या रविवारपासून तू कामावर येऊ नको." आणि तोंड फिरवलं.

बालपणापासून आम्ही शेकडो वेळा भांडलो असू, पण तोंड कधी फिरवलं नव्हतं. नंतर मी टपरीवर गेलो की एकनाथ चहा द्यायचा, पण बाकावरची मंडळी हळूच सरकून बसायची. एकटा चहा पिऊन पाहिलाय का कधी? साखर असते, पण गोड लागत नाही.

मी ठरवलं, चोर मीच पकडणार.

घरी होळीचा पक्का जांभळा रंग होता. माझ्याकडे तो बारमाही असतो, का ते विचारू नका. सुका असला की धुळीसारखा, काही दिसत नाही. पण पाण्याचा थेंब लागला की मग साबण हरतो. संध्याकाळी टेकडीवर चिटपाखरू नाही असं पाहून गेलो. वळणाच्या अलीकडचे दगड एकेक उचलले, खालच्या बाजूला रंग भुरभुरला, परत बसवले. आपले हात रंगू नयेत म्हणून दोन्ही हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या होत्या. म्हटलं, शिक्षण चौथीचं असलं तरी अक्कल कलेक्टरची आहे.

सकाळी सगळ्यांच्या आधी चढायला लागलो. वळण जवळ आलं तसा नीट बघत गेलो. सगळे दगड जागेवर. वाटमायला हात जोडले, वर गेलो, सूर्याला नमस्कार केला, उतरलो.

उतरताना पाहतो तर एक दगड गायब.

म्हणजे मी वर असताना चोर येऊन गेला. म्हणजे तो आत्ता इथेच कुठेतरी आहे. मी बोरीच्या झुडपात शिरलो, धोतर फाडून घेतलं, अंजनाच्या मागे पाहिलं, "बाहेर ये" म्हणून दम दिला. एक ससा आला बाहेर.

तेवढ्यात खालून वेणूआक्का येताना दिसली. हातात पिशवी. पिशवीत दगड.

"काय धुंडी ऱ्हायना रे?"

"चोर," मी म्हटलं. "आक्का, जरा हात दाखाड."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं नाही, डोळ्यांकडेही नाही. थोडं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग निमूटपणे हात पुढे केले. स्वच्छ होते.

"तू खाले जाय," ती म्हणाली. "मी तुन्हा मांगे उनूच."

मी तर धावतच टपरीवर आलो. नाना, एकनाथ, सगळी मंडळी होती. मला पाहताच कोणी उपरणं तोंडाला लावलं. नानांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी काहीतरी मऊ दिसलं. मला वाटलं, मन द्रवलं माणसाचं.

मी सगळी हकिगत सांगितली. रंग कसा लावला, चोर कसा येऊन गेला. "आता ज्याचे हात जांभळे, तो चोर," मी म्हटलं. "आणि मला त्यातून वगळा असं मी म्हणत नाही. पण मी पिशव्या घालून रंग लावलाय, माझ्या बोटाला कणसुद्धा लागलेला नाही."

"कणसुद्धा नाही?" नानांनी विचारलं.

"शपथेवर."

"बरं. मग चोराला शिक्षा काय?"

"नाल्यातून दगड डोक्यावर वाहायचे आणि कड पुन्हा बसवायची."

"एवढ्यावर सोडायचं?"

"वाटमायसमोर कान धरून उठाबशा."

"माझ्या घोट्याचं काय?"

"तुमचा पाय चेपायचा. बरा होईपर्यंत."

"आणि ही मंडळी? यांना किती मनस्ताप झाला."

"सगळ्यांना वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. पोट भरेपर्यंत. चोराच्या घरी."

"एकनाथ," नाना म्हणाले, "बादली आण."

एकेकाने पाण्यात हात बुडवले. नानांचे स्वच्छ. एकनाथचे चहापत्तीचे, पण जांभळे नाहीत. सगळ्यांचे स्वच्छ. तोवर आक्का उतरून आली. माझी मती गुंग झाली. चोर मग गावाबाहेरचा की काय?

"आते तुन्हा हात बुडाव," आक्का म्हणाली.

मी हसत हसत हात बुडवला. बादलीतलं पाणी जांभळं झालं. हात काढला तर कोपरापर्यंत ओघळ.

मी बोलायला लागलो. पिशवी फाटली असेल. वाऱ्याने रंग उडाला असेल. झुडपात लागला असेल. एकनाथने शांतपणे टपरीतला दाढीचा आरसा काढला आणि माझ्यासमोर धरला.

कपाळावर चार बोटं. जांभळी, ठसठशीत, घामाने छान उमटलेली. सकाळपासून ते कपाळ घेऊन मी चोर शोधत होतो.

"हे कोणी केलं?" मी विचारलं. तेव्हाही मला खरोखर कळत नव्हतं हो.

नाना काठी घेऊन उठले. "चल वर. बोलत बोलत चल."

सगळे निघाले, लंगडत नानाही. मी पुढे, आणि तोंड सुरूच. नाना, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, मी गमती करतो, पण दुसऱ्याच्या कष्टाला हात लावणार नाही, दगड नेऊन मी करू काय, घरी ठेवायला जागा तरी आहे का, आणि तुम्ही मात्र…

मागून पावलांचा आवाज बंद झाला. मी वळून पाहिलं. सगळे उभे होते. मी वाटमायसमोर होतो, हात कपाळाला टेकलेले. ढिगावर दोन दगड, जांभळे, एक सकाळचा आणि एक आत्ताचा. आणि वाटेच्या कडेला दोन ताज्या खाचा.

बोलता बोलता माझा उजवा हात आपला आपण खाली गेला होता, दगड उचलला होता, टाकला होता. मला न विचारता.

"खालथून आनना पडस रे धोंडा," आक्का म्हणाली. "जड वाटाले पाहिजे, म्हनीसन."

तेव्हा तिची मान का हलायची ते कळलं. दगड पायथ्यापासून वाहून आणायचा असतो. सगळं गाव तसंच करत आलं. मी मात्र लहानपणापासून वळणाच्या अलीकडे जो हाताला लागेल तो उचलून देवीला दिला. आधी तिथे सुटे दगड असायचे. नानांनी ते सगळे गोळा करून कडेला बसवले, आणि माझ्या हाताला हे कोणी कळवलंच नाही.

शिक्षा मीच ठरवलेली, बोलायची सोय नव्हती. दगड वाहिले, उठाबशा काढल्या, नानांचा पाय चेपला. तो बरा झाल्यावरही त्यांनी आठवडाभर चेपून घेतला, ते वेगळं. भरिताला तर सगळे नातवंडं घेऊन आले. रंग पक्का निघाला. बोदवडला साखरपुड्याला तसाच गेलो, तर तिथले दोघे मला कुठल्यातरी पंथाचा महाराज समजून पाया पडले. मी आशीर्वादही दिला.

आता नाना माझ्याशी बोलतात. रविवारी मला कामावर घेतात, दोरीला मात्र हात लावू देत नाहीत. मीही सुधारलो. रोज घरून निघताना पिशवीत चांगला जाड धोंडा घेतो, आक्कासारखा. खांदा दुखतो, पण मन हलकं राहतं.

परवा असाच वर जाऊन आलो. चहा झाला, नानांशी गप्पा झाल्या. घरी आल्यावर आमच्या मंडळींनी भाजी आणायला पिशवी मागितली. उचलली तर उचलेना. म्हणाल्या, "का हो, हा धोंडा परत कशाला आणला?"

मी पिशवीत पाहिलं. सकाळी घातलेला धोंडा तसाच बसलेला. आणि वाटमायसमोर तर मी दगड टाकून, हात जोडून आलो होतो.

भाजी राहू दे म्हटलं, पिशवी तशीच खांद्याला लावली, आणि नानांचा डोळा लागलाय तोवर टेकडीकडे पळालो.