पदग्रहणाचं भाषण

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला सुरतेतलं, लिंबायतमधलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागातल्या महिला सेवा मंडळाची मी अध्यक्ष होणार होते आणि पदग्रहणाचं भाषण गुजरातीतून करायचं होतं. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज चढवून मी सराव करत होते, आणि धुळ्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई दाणे भाजत ऐकत होत्या. "इतलं बोलस, पन करशी काय?" त्यांनी अहिराणीत विचारलं. "डोळ्यांचं शिबिर घेणार. मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट." त्यांचा हात थांबला. हळूच म्हणाल्या, "मंग मना डोया बी दखाड. या डोयाघाई माले दिसत नही." उजव्या डोळ्याने त्यांना दिसेनासं झालं होतं आणि घरात कुणाला पत्ताच नव्हता. माझं भाषण तिथेच थांबलं. मी त्यांना घट्ट धरून बसले. पदग्रहणाच्या दिवशी मी फक्त शिबिराबद्दल बोलले. शिबिरात पहिलं ऑपरेशन सासूबाईंचं झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "कितली बारीक हुई गयी व माय तू!" पुढे मंडळात हारतुरे पुष्कळ मिळाले, पण मला असं डोळे भरून पुन्हा कुणी पाहिलं नाही.