रशीदचाचांनी धरलेली जागा

काल संध्याकाळी रशीदचाचा गेले.

पोलिसांनी त्यांना एकदा सगळ्यांदेखत गाडीतून खाली उतरवलं होतं. माझ्यामुळे.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आता मी लातूरला असते, पण तेव्हा नांदेडहून उमरीच्या शाळेत शिकवायला जायचे. रोज सकाळची पॅसेंजर. गाडी पूर्णेहूनच भरून यायची. चाचा पूर्णेला बसायचे. गावोगाव फिरून शिलाई मशीन दुरुस्त करायचे.

ओळख झाली ती माझ्या सासूबाईंच्या मशीनवरून. एका रविवारी घरी येऊन त्यांनी मशीन उघडली, तेल दिलं आणि हळूच मला म्हणाले, "मशीन एकदम बढिया हाय, मॅडम. चालवणारी रागात हाय."

मी इतकी हसले की सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मला सातवा महिना लागला तेव्हा त्यांच्या तोंडी "मॅडम"चं "बेटा" झालं. आणि ते माझ्यासाठी जागा धरायला लागले.

शेजारच्या सीटवर आपली बॅग ठेवायची, नांदेड आलं की दारात येऊन उभं राहायचं. मी दिसले की हात वर. "इकडं या, बेटा! पाय सोडून बसा."

जागा धरायला आपल्याकडे लोक काहीही ठेवतात. रुमाल, टोपी, पाण्याची बाटली. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

त्या आठवड्यात मात्र टीव्हीवर रेल्वेतल्या स्फोटाच्या बातम्या चालू होत्या. स्टेशनवर सारखी अनाउन्समेंट, बेवारस वस्तूला हात लावू नका.

लोकांची भीती खोटी नव्हती. मीसुद्धा बसण्याआधी सीटखाली वाकून बघायचे, ते पोट घेऊन.

त्या सकाळी मी नांदेडच्या प्लॅटफॉर्मवर होते. गाडी थांबली आणि आमच्या डब्यातून लोक अक्षरशः उड्या टाकत उतरले.

बॅग आत सीटवरच होती. चाचांना दोन पोलिसांनी दंडाला धरून खाली आणलं. एक तरुण ओरडत होता, "बॅग ठिवून दारात जाऊन उभा राहिला हो ह्यो! वायरी दिसून राहिल्या आतून!"

वायरी असणारच. मशीनच्या मोटारीच्या वायरी.

पोलिसांनी विचारलं, "दारात का उभे होते? कुणाची वाट बघत होते?"

चाचांनी मान वर केली. गर्दीत मी त्यांना दिसले. दहा पावलांवर होते मी.

त्यांची नजर माझ्या पोटावर गेली. मग खाली वळली.

"कुणाची न्हाई, साहेब. हवा खायला उभा होतो."

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, ती जागा माझ्यासाठी धरली आहे. मी ओळखते यांना."

वर्गात पोरांना "खरं बोलायला घाबरता कशाला?" म्हणून दटावणारी मी. गुपचूप लेडीज डब्याकडे चालायला लागले.

पोटात बाळ होतं म्हणून, असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. त्या गर्दीत "हा माणूस माझ्या ओळखीचा आहे" म्हणायची मला लाज वाटली.

अर्ध्या तासाने पोलिसांचं कुत्रं आलं, बॅग तपासली. पेचकस, बॉबिन, तेलाची बाटली, दोन जुन्या मोटारी. गाडीला सिग्नल मिळाला.

सुटताना खिडकीतून बघितलं. चाचा प्लॅटफॉर्मवर उकिडवे बसून सामान परत बॅगेत भरत होते. एक बॉबिन घरंगळत गेली, तिच्यामागे धावले. साठीचा माणूस.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लेडीज डब्याकडे निघाले होते. आमच्या डब्याच्या खिडकीतून हात बाहेर आला.

"बेटा, इकडं!"

बॅग या वेळी त्यांच्या मांडीवर होती, चेन सताड उघडी. माझ्या जागेवर नुसता हाताचा पंजा ठेवलेला.

"चाचा, काल मी..."

"बाळ कसं हाय?"

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर त्यांनी बॅगेची चेन कधी लावली नाही. एकदा न राहवून म्हटलं, "चाचा, सामान पडेल ना."

"ऱ्हाऊ द्या, बेटा. दिसलेलं बरं असतंय लोकान्ला."

मुलगी झाली तेव्हा स्वतः टोपरं शिवून घेऊन आले. मग माझी बदली झाली. ईदला मी फोन करायचे, दिवाळीला ते. दर वेळी ठरवायचे, आज बोलायचंच. राहून गेलं.

आज सकाळी त्यांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. रडत रडत म्हणाली, "अब्बा लई नाव काढायचे तुमचं. म्हणायचे, मॅडम बाजूला बसायच्या ना, म्हणून गाडीत मला कुणी काही इचारत नव्हतं."

फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. शाळेतही गेले नाही आज.

शबाना, त्या सकाळचं त्यांनी घरी काहीच सांगितलं नसणार. म्हणून मी सांगते, इथे, सगळ्यांसमोर.

पोलिसांनी विचारलं होतं, कुणाची वाट बघत होते.

माझी, साहेब. ते माझी वाट बघत होते.

चाचा, मला माफ करा. तुमच्या "बेटा"चा शेवटचा सलाम.