बांधीतली फळी अन् साडभावाची स्की

माझ्या साडभावावर, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यावर, मी जळतो. झाकून काय ठेवायचं! तो बल्लारपुरात नोकरीले, मी चामोर्शीकडं धानाच्या बांधीत. दोन हिवाळे काश्मिरात जाऊन स्की शिकून आला, अन् तेव्हापासून माझ्या पोरीच्या तोंडी दुसरं काई नाई. मौसाजी बर्फावर असे वळतात, मौसाजी तसे थांबतात. जेवताना मौसाजी, झोपताना मौसाजी. बाप समोर बसला हाये, त्याचं काई?

या हिवाळ्यात दोन्ही घरं मिळून काश्मिरात गेलो. साडभावानं दोन पायाले दोन पट्ट्या बांधल्या. मी म्हटलं, मले एकाच फळीवालं द्या, ते स्नोबोर्ड. चिखलणी झाली का बांधी सपाट करायले आमी बैलामागं फळी लावतो, अन् तिच्यावर लहानपणापासून मीच उभा राहतो. म्हटलं, आता पाहू दे पोरीले.

रातच्या थंडीनं बर्फ सकाळी खळ्यावानी टणक झाला होता. साडभाऊ स्कीच्या काठानं तो कापत सर्रकन खाली गेला. मी निघालो अन् धाडकन पाठीवर. शिकवणारा ओरडे, "भैया, वजन आगे!" पण बांधीत वजन पुढं टाकलं तं फळीचं तोंड चिखलात घुसते अन् माणूस बैलाच्या पायात. अंग आपोआप मागंच जाये. उठलो, आपटलो, पुन्हा उठलो. दुपारी बर्फ ओला, लिबलिबीत झाला, तं मार जरा कमी लागला एवढंच. पोरगी पोट धरून हसली. म्हणे, "बाबा, तुमी मौसाजीकडून शिका ना." असा जीव जळला का विचारू नका.

रात्री नवा बर्फ पडला, मांडीएवढा, पिंजलेल्या कापसावानी भुसभुशीत. सकाळी साडभाऊ रुबाबात निघाला. दहा हात गेला नाई तं दोन्ही पट्ट्या आत घुसल्या अन् गडी तोंडावर पडला. एक स्की कुठी गेली, पत्ताच नाई. माझ्या मनात लाडू फुटले, खोटं काऊन बोलू? मी फळीवर उभा राह्यलो. सवयीनं अंग मागं टाकलं अन् फळीचं तोंड वर आलं! त्या भुसभुशीत बर्फावरून तरंगत थेट खालच्या सपाटीवर. वा रे मी!

वळून वर पाह्यलं. पोरीची माझ्याकडं पाठ होती. ती दोन्ही हातानं बर्फ उकरून मौसाजीची स्की शोधून राह्यली होती.

तेवढ्यात साडभाऊ बर्फ थुंकत ओरडला, "मले सोड बेटा, तुह्या बापाले पाह्य! भाऊ, जबरदस्त! मले बी शिकवा!" जळणं तं दूरच, त्याच्या पोटात आनंद मावून नाई राह्यला होता.

पोरगी वळली. मी तं तोवर थांबलो होतो. तरी तिनं टाळ्या वाजवल्या, मौसाजीनं सांगितलं म्हणून.