थाळ्यांची मच्छरदाणी

घुग्घुसची धूळ ज्यानं पाहिली नाही त्याला मी धुळीबद्दल काही बोलू देत नाही. तिथं सकाळी दारात पांढरा बैल बांधावा आणि दुपारी म्हैस सोडून न्यावी. त्या गावात मी चार वर्षं मास्तरकी केली आणि चारही वर्षं कोळशाच्या खाणीच्या रस्त्यावरच्या एका खानावळीत जेवलो. खानावळ एका बाईंची. उंचीनं पाच फूट, आवाजानं पंधरा. त्यांनी आतून "भात घेता का?" म्हटलं की रस्त्यावरचा ट्रक ब्रेक मारायचा.

बाईंचा एक नेम होता. थाळी गिऱ्हाइकापुढे कोरडी आणि चकचकीत जायची. धुतलेली थाळी मांडणीवर ठेवली की पाणी निथळायच्या आत तिच्यावर काळी साय धरायची. म्हणून वाढण्याआधी खांद्यावरच्या फडक्यानं थाळीला दोन वेढे आणि वर एक फुंकर. "माह्या इथी धुळीची थाळी कोणापुढं जात नाई," हे त्या इतक्या अभिमानानं सांगायच्या की आपण धुळीची थाळी मागितली असावी असं वाटून मीच ओशाळायचो.

तर एका पावसाळ्यात बाईंकडे जेवणारा एक मिशीवाला डंपर ड्रायव्हर आडवा झाला. उलट्या, जुलाब. दोन दिवसांनी त्याच्याच शिफ्टचे आणखी दोघं. बाईंकडची गर्दी पातळ झाली, वरणासारखी नव्हे, ताकासारखी. मोटरसायकली पलीकडच्या हॉटेलापुढे उभ्या राहू लागल्या. बाईंनी पाणी उकळायला घेतलं, भाजी रोज ताजी आणली, सकाळचं वरण संध्याकाळी वाढणं बंद केलं. तरी पोह्यांवरची तर्री तशीच पडून राहायची.

"अजून एक जण पडला ना मास्तर," बाई म्हणाल्या, "तं कुलूपच लावा लागते मले." हे त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी घाबरलो.

माझ्यात एक खोड आहे. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही की मला अन्न जात नाही, आणि इथं तर अन्नाचंच कारण शोधायचं होतं. रविवारी सकाळपासून कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. माठ पाहिला, झाकलेला. हात पाहिले, साबणानं धुतलेले. मांजरीवर संशय घेतला, पण ती दिवसभर झोपलेलीच. मग माझी नजर फडक्यावर गेली आणि तिथंच चिकटली. फडकं टेबलावरून फिरलं, चहाच्या पातेल्याचं बूड धरून आलं, कांदे चिरलेल्या विळीवरून गेलं, बाईंच्या कपाळाचा घाम टिपून आलं, एका कावळ्यावरही झटकलं गेलं, आणि शेवटी थाळीत दोन वेढे घेऊन बसलं. इतक्या घरी जाऊन येणारं फडकं निवडणुकीला उभं राहिलं असतं तर बिनविरोध आलं असतं.

मी बाईंना सांगितलं. छपराचे पत्रे हलले.

"रोज सोड्यानं धुते मी ते!"

"केव्हा?"

"दुकान बंद झाल्यावर!"

"आणि दिवसभर?"

बाईंनी फडकं खांद्यावरून ओढून माझ्यापुढे आपटलं. "दाखवा मंग. नुसतं शाळेवानी बोलून नका राहू."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायच्या आधी मी बीट किसलं, स्वच्छ धुतलेलं फडकं त्याच्या रसात बुडवलं, पिळलं आणि त्यांच्या खांद्यावर टाकलं. म्हटलं, रोजच्यासारखं काम करा. तासाभरात टेबल गुलाबी, पाण्याच्या जगाचा कान गुलाबी, मिठाच्या डब्याचं झाकण, पोह्यांचा झारा, मांडणीवरच्या सगळ्या थाळ्या आणि बाईंचं कपाळ गुलाबी. बाहेर उभ्या सिमेंटच्या ट्रकलाही गुलाबी बोटं लागली होती. तो ट्रक वणीकडे निघून गेला, नाहीतर तुम्हाला दाखवला असता.

बाईंनी मांडणीवरची एक थाळी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे धुते बी मीच अन् माखते बी मीच?"

फडक्यानंच तिघांना पाडलं, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण वाट कुठून कुठं जाते ते समोर दिसत होतं.

"पण पुसू नाई तं काय धुळीतच वाढू?" त्यांनी विचारलं. इथं माझी मास्तरकी संपली. मी काचेचं कपाट सुचवलं. बाई हसून मोकळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर मागच्या खोलीत थाळ्या ओळीनं उभ्या, आणि त्यांच्यावर नवीकोरी दुहेरी मच्छरदाणी! बाई स्वतः मच्छर मारत झोपायच्या आणि थाळ्या राणीसारख्या मच्छरदाणीत. वाढण्याआधी थाळीवर उकळतं पाणी ओतायचं, झटकायची, ओलीच द्यायची. टेबलाचं फडकं दर तासाला धुऊन टेबलाच्याच पायाला सुतळीनं बांधलेलं, बकरीसारखं. चरायचं ते तिथल्या तिथं.

पंधरा दिवसांनी तो मिशीवाला परत आला. पलीकडच्या हॉटेलातून चार-सहा माना इकडे वळल्या. हा टिकला तर सगळे परत येणार, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः थाळी आणून ठेवली. मिशीवाल्यानं थाळीतले थेंब पाहिले, खांद्यावरचा दुपट्टा काढला, ज्यानं तो डंपरची काच पुसायचा तोच, आणि थाळीला दोन वेढे दिले. वर फुंकर.

बाईंचा भाताचा डाव हवेतच थांबला.

"भाऊ! काय करून राह्यले?"

"वली होती ना बाई."

"काऊन, कागदाची हाये का थाळी, भिजून जाईन? आना तो दुपट्टा!"

बाईंनी थाळी उचलली, दुसरी आणली आणि दुपट्टा टेबलाच्या पायाला फडक्याशेजारी बांधून टाकला. मिशीवाला दुपट्ट्यापासून हलेना, म्हणून त्यानं तिथंच बसून तीनदा भात घेतला. दुसऱ्या दिवशीही आला, धडधाकट, आणि मागून अख्खी शिफ्ट.

दुपट्टा बांधला गेला तेव्हा मी कोपऱ्यात पोट धरून हसत होतो. हसता हसता चमचा उचलला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि वर पाहिलं. बाई समोर उभ्या, हातात सुतळी.

"मास्तर, सदरा काढा."