साडभाऊंच्या पिकअपची सुनावणी

बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडण्याआधी तिला आपली बाजू मांडायची पुरेपूर संधी देणारा माणूस या भूमीवर आजवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. तिला आम्ही सगळेच ताई म्हणायचो. साडभाऊ तालुक्याच्या कोर्टात कारकून होते आणि कोर्ट संध्याकाळी साडेपाचला सुटलं तरी साडभाऊ काही सुटायचे नाहीत. घरी दूध उतू गेलं तर ओटा पुसायच्या आधी दुधाजवळ शेवटचं कोण होतं, ते तिथून का हललं, हलताना कुणाला सांगून हललं का, हे सगळं व्हायचं. तोवर ओट्यावरचं दूध वाळून जायचं. ताई म्हणायच्या, "लग्नाले पंचवीस वर्स झाले, अजून माहा जबाब काई पुरा नाई झाला."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे लाख. पाकिटावर ओतून शिक्का ठोकतात ती तांबडी लाख. कोर्टात सील ठोकून ठोकून त्यांच्या हाताला अशी सवय लागली होती की तळेगावच्या त्यांच्या घरात उघडं म्हणून काही राहिलंच नव्हतं. लोणच्याच्या बरणीला सील, रॉकेलच्या डबकीला सील, तिखटाच्या डब्याला सील. लाख स्वतःच्या पैशानं आणायचे, सरकारी लाखेला हात लावायचे नाहीत, आणि शिक्का म्हणून सायकलच्या कुलपाची जुनी किल्ली उलटी दाबायचे. एकदा माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी आपल्या बागेतल्या संत्र्यांची पेटी पाठवली. सुतळीच्या प्रत्येक गाठीवर सील! कात्री, सुरी, शेवटी हातोडी, असं करत आम्ही ती उघडली, तर पुढच्या भेटीत गृहस्थानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, सील फोडतानी शेजारचे दोन मानसं बलावलते ना?" मी शाळामास्तर, आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका असं शिकवलेलं. पण त्या दिवशी मी बेधडक "हौ" म्हणालो.

पिकअप त्यांच्या आयुष्यात आली तीसुद्धा कोर्टातूनच. आमचा जिल्हा दारूबंदीचा. बाहेरून पेट्या आणणाऱ्या गाड्या धरल्या जातात आणि मुद्देमाल म्हणून आवारात उभ्या राहतात. ही म्हातारी डिझेल पिकअप अशीच साडभाऊंच्या खिडकीसमोर लिंबाखाली पाच वर्षं उभी होती. माणसं सुटली, गाडी राहिली. साडभाऊ रोज डबा खाताना तिच्याकडे बघायचे. पुढे लिलावात ती कारंज्याच्या एका ढाबेवाल्यानं घेतली, महिन्याभरात तो तिला कंटाळला आणि साडभाऊंनी ती त्याच्याकडून सोडवून आणली. हो, सोडवून, त्यांचाच शब्द. गाडी दारात उभी राहिली तेव्हा मागच्या हौद्यात लिंबाचं वीतभर रोप उगवलेलं होतं.

"दारूवाल्याची गाडी दारात आणली?" ताईंनी कपाळाला हात लावला.

"गुन्हा मानसानं केला," साडभाऊ म्हणाले. "तिनं त फक्त वज्जं वायलं. पाच वर्स आत काढले बिचारीनं, निकाल लागाच्या आधी."

सहा महिने गाडी गुणी सुनेसारखी नांदली. साडभाऊ तिच्यातून बागेतली संत्री कारंज्याच्या बाजारात न्यायचे. मग मात्र तिनं रंग दाखवायला सुरुवात केली. दहा-बारा किलोमीटर मजेत धावायची, मग दोन आचके द्यायची आणि भर रस्त्यात ठप्प. स्टार्टर मारून मारून माणूस घामाघूम व्हायचा, पण ढिम्म. दुसऱ्या कुणीही मिस्त्री गाठला असता. साडभाऊंनी सीटखालून लांब वही काढली.

ही सुनावणी मी अनेकदा याचि देही पाहिली आहे. नियम असे, की इंजिन बंद पडल्यावर कुणी खाली उतरायचं नाही, कारण पुरावा नष्ट होतो. पहिला साक्षीदार ड्रायव्हर. ड्रायव्हर ते स्वतःच असल्यामुळे ते करड्या आवाजात प्रश्न विचारायचे आणि मऊ आवाजात उत्तर द्यायचे. क्वचित स्वतःला दटावायचेही, "जेवढं इचारलं तेवढंच सांगा." मग आमचे जबाब. आचके किती आले? आधी आवाज आला की आधी वास? त्यानंतर गाडीचा एकेक अवयव उभा केला जायचा. हॉर्न वाजला, बॅटरी निर्दोष. स्टार्टर फिरला, स्टार्टर निर्दोष. डिझेलचा काटा कधीच मेलेला होता, पण त्याची त्यांना गरज नव्हती. पंपावर किती भरलं ते वहीत लिहिलेलं असायचं, आणि वहीत आहे म्हणजे टाकीत आहे, यावर त्यांची श्रद्धा होती. आणि एक नियम तर अगदी काळ्या दगडावरची रेघ. ज्याचा एकदा निकाल लागला, मग तो सुटलेला असो की शिक्षा भोगलेला, त्याला त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं करायचं नाही.

या सगळ्याला अर्धा तास लागायचा. आणि गंमत म्हणजे अर्ध्या तासानं गाडी सुरू व्हायची! त्या वेळी ज्याची चौकशी चालू असेल, एअर फिल्टर म्हणा, फॅनचा पट्टा म्हणा, त्यानं गुन्हा कबूल केला असं धरून साडभाऊ त्याला समज देऊन सोडायचे. कारंजा ते तळेगाव या रस्त्यावर त्यांची ख्याती पसरली. पाना न लावता गाडी चालू करणारा माणूस! पिकअप थांबलेली दिसली की पानठेलेवाला ठेला टाकून यायचा, मेंढ्या चारणारे दोन म्हातारे पंच म्हणून काठी टेकून उभे राहायचे. एकदा एक ट्रकवाला आपला बंद ट्रक मागे ठेवून "माही बी केस घ्या ना जी" म्हणून हात जोडून आला होता.

या कौतुकात ताई सामील नव्हत्या. मामेबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला निघाल्या आणि पंगती उठल्यावर पोचल्या, तेव्हा त्यांनी निकाल दिला. "आता अजून एकदा जरी हे रस्त्यात थांबली, त भंगारात देजो. मी काईच बोलणार नाई. भंगारवालाच येऊन बोलन."

ताई बोलल्या की करतात, हे साडभाऊंना वहीत न लिहिताही माहीत होतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

आणि नेमकं पंधरा दिवसांनी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, वर्ध्याला. अकराच्या आत पोचायचं, उशीर झाला तर पुढची तारीख थेट दोन महिन्यांनी. सासूबाईंना तोवर माणूस आणि खांब यांतला फरक फक्त माणूस बोलला तरच कळायचा. साडभाऊ म्हणाले, मी नेतो. ताईंनी नुसतं बघितलं. केबिनमध्ये साडभाऊ, मध्ये सासूबाई, कडेला ताई, आणि मागे हौद्यात गादीवर, डॉक्टरांसाठी घेतलेल्या संत्र्यांच्या पेटीशेजारी, मी. आर्वी गेली. गाडी चालतच राहिली. मी मनातल्या मनात साऱ्या देवांचे आभार मानायला लागलो, आणि खरांगण्याच्या अलीकडे दोन आचके आले.

ताई खरंच काही बोलल्या नाहीत. हेच जास्त भयंकर होतं.

साडभाऊंनी वही काढली. पण करड्या आवाजातला प्रश्न आज मऊच निघाला. सासूबाईंचा जबाब सुरू झाला. "आई, बंद पडाच्या आधी काय पायलं?"

"मले दिसत असतं त इथं कायले आली असती जवाईबापू? ऐकू मात्र आलं. तान्ह्या पोराचं दूध तोडल्यावर ते कसं कुरकुरते, तसं."

घड्याळात सव्वादहा झाले होते. मला राहवेना. पुराव्याची पर्वा न करता मी हौद्यातून उडी मारली आणि टाकीत डिझेल तरी आहे का ते बघायला झाकणाला हात घातला. "सर, डिझेल वहीत आहे!" साडभाऊ ओरडले. झाकण हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ते सुटलं, आणि टाकीनं सुस्स करून इतका लांब श्वास आत ओढला की मी दचकून मागे सरलो.

"कोणं डबा खोलला?" केबिनमधून सासूबाई.

"डबा नाही आई. टाकीचं झाकण."

"मंग एकच भोक पाडलं असन," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तेलाच्या डब्याले एकच भोक पाडलं की असंच होते. तेल येते, येते, मंग येतच नाई. घटकाभर थांबलं की कुठून तरी हवा शिरते, मंग पुन्हा येते. दुसरं भोक पाडा लागते, हवा जाले. हे काय सांगाची गोष्ट आहे?"

मी झाकण उलटसुलट करून बघितलं. मधोमध हवेसाठी ठेवलेलं बारीक छिद्र होतं. म्हणजे असायला हवं होतं. त्यावर तांबडी लाख होती, आणि लाखेवर सायकलच्या किल्लीचा सुबक ठसा.

ते झाकण मी ताईंच्या हातात दिलं. साडभाऊ खाली उतरले, वही काखेत धरून उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले, "आरोपी हजर आहे."

"काऊन लावली जी लाख?" ताईंनी विचारलं.

साडभाऊ वहीचा कोपरा चोळत म्हणाले, "तुह्या लुगड्याले डिझेलचा वास येत होता ना. खड्ड्यात गाडी गेली की तिथून उडत होतं. त्या वास्तुपूजेत बाया तुह्याजवळून सरकून बसल्या. तू घरी येऊन मोरीत तोंड धुऊन राह्यली होती. लय वेळ."

मी संत्र्याच्या पेटीकडे बघत राहिलो. काही वेळा साक्षीदारानं दुसरीकडे बघावं. ताईंनी अंबाड्यातला आकडा काढला, लाख टोकरली, छिद्र मोकळं केलं, फुंकर मारून आरपार बघितलं आणि झाकण माझ्याकडे दिलं. "लावा आता. अकरा वाजते." गाडी सुरू झाली आणि पावणेअकराला आम्ही दवाखान्यात होतो. पट्टी सुटल्यावर सासूबाईंना दाराशी उभी असलेली पिकअप दिसली. "अगं बाई, इतकी भंगार आहे हे!" त्या म्हणाल्या. पण भंगारवाल्याचा विषय ताईंनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर पिकअप एकदाही थांबली नाही. आणि इथेच घात झाला. पानठेलेवाला हात करायचा, म्हातारे काठ्या टेकून वाट बघायचे, आणि गाडी आपली भुर्रकन निघून जायची. त्यातच दोन वर्षांनी साडभाऊ रिटायर झाले. कोर्टही गेलं, गाडीही निर्दोष. अंगणात खुर्ची टाकून ते मांडीवर कोरी वही घेऊन बसायचे. दूध उतू गेलं तर मुकाट्यानं ओटा पुसायचे. ताई एकदा माझ्या बायकोजवळ म्हणाल्या, "हे आताशा मले काईच इचारत नाई." गंमत म्हणून सांगत होत्या, पण हसल्या नाहीत.

आणि त्या हिवाळ्यात बातमी आली, पिकअप पुन्हा बंद पडायला लागली! मी मुद्दाम तळेगावला गेलो. साडभाऊ दहा वर्षांनी लहान झाले होते. कानावर पेन्सिल, काखेत नवी वही. बाजाराला आम्ही तिघं निघालो आणि बाराव्या किलोमीटरला दोन आचके आले. ठेलेवाला धावत आला, मेंढ्यांसह पंच आले. ताई केबिनमध्ये पदर सावरून बसल्या आणि सगळ्यात आधी जबाब द्यायला तयार झाल्या. मी लघवीचं निमित्त करून मागे गेलो. टाकीच्या झाकणाला मी हात लावला नाही, फक्त वाकून बघितलं. हवेच्या छिद्रावर कणकेची गोळी घट्ट बसवलेली होती, सकाळच्याच पोळ्यांची, अजून नीट वाळलीही नव्हती. आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा होता, बारीक, बाईमाणसाचा.

झाकणाचा निकाल तर केव्हाच लागलेला होता. साडभाऊ त्याला पुन्हा उभं करणार नव्हते, आणि हे त्यांच्याखेरीज अजून एका माणसाला पक्कं माहीत होतं. मी परत आलो तेव्हा ताई आरशातून माझ्याकडेच बघत होत्या.

"सर, मांगं गेलते," साडभाऊंनी करड्या आवाजात विचारलं. "काई आढळलं?"

आता दोघंही नाहीत, म्हणून सांगतो. मी छातीवर हात ठेवून, त्या ठेलेवाल्याच्या, पंचांच्या आणि पन्नासेक मेंढ्यांच्या समोर "काईच नाई" असं शपथेवर सांगितलं.