शेवयांच्या डब्यात डांबरगोळ्या

मंडळी, आज डोकंच फिरलं माह्यं.

मोठ्या पोरीले पाहाले धाड गावचे पाहुणे आले होते. उन्हाळ्यातल्या शेवयांची खीर केली. त्यांच्या आजीनं एक घोट घेतला आन् वाटी खाली ठेवली.

"बाई, खीर शिजवली का पेटीतलं लुगडं?"

आत जाऊन डबा पाह्यला, तं आमच्या मालकांनी गोऱ्या साहेबाच्या कचेरीतून, दप्तराले कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या डांबरगोळ्या आणल्या आन् मले न सांगता शेवयांच्या डब्यात टाकल्या होत्या!

"अवं, कागदात बांधून टाकल्या होत्या," म्हणे.

"अहो, कागदातून वास जाते, तं जहर काऊन नाही जाणार?"

पाहुणे उठून गेले. खीर मी गाईलेही दिली नाही.

सांगा मंडळी, ज्या डब्याले किडा शिवत नाही, त्यातलं माणसानं काऊन खावं?