हात धुवायचे राहिले

मंगळवार, २० जानेवारी. चिंचेखालची जागा झाडत होते, तोच मागून तनूच्या बापाचा आवाज आला, "बारा झाली का, ताई?"

"सातच आलीत अजून."

तो उभाच राहिला. बारावं मूल आल्याशिवाय तो कधी बसायचा नाही.

ईटच्या शिवारातल्या त्या चिंचेखाली आठवड्यातून दोनदा माझ्या खेळगटाला आम्ही जमायचो. मी, आया आणि त्यांची दोन-तीन वर्षांची लेकरं. बाप तेवढा हा एकटा. बायको सकाळच्या गाडीनं परंड्याला दवाखान्यात नोकरीला जायची, म्हणून मेंढरं भावावर सोपवून तो तनूला घेऊन यायचा. अंग चोरून बसायचा, पण नजर फिरती आणि ओठ हलते. मोजत असायचा. तुमच्या ओळखीत कुणी मेंढपाळ असेल, तर ही सवय तुम्हीही पाहिली असेल.

बाया त्याला सोडत नसत. "भाऊजी, लेकरं हायती ती, मेंढरं न्हाईत!"

"मेंढरू वरडतंय तरी," तो म्हणायचा. "लेकरू गुपचूप जातंय."

आमचा क्रम ठरलेला होता. फेर धरून गाणं, मोकळा खेळ, हात धुणं, खाऊ, गोष्ट. मोकळ्या खेळात मोठ्यांनी मधे पडायचं नाही. माती, काटक्या, पाला, सगळं मुलांचं. त्याला हे फार जड जायचं. तनू दगडावर चढली की त्याचे हात आपोआप पुढे यायचे. मग ते तो स्वतःच्या मांडीखाली दाबून बसायचा. खरंच, मांडीखाली.

त्या दिवशी गावात नळ आला नव्हता. पाणी पिण्यापुरतंच होतं. मी हात धुणं गाळलं, ओल्या फडक्यानं सगळ्यांचे हात पुसले आणि त्याला म्हटलं, "बसून काय राहता? लाडू वाटा."

वाटता वाटता तो थांबला. ताटात एक लाडू उरला होता.

"ताई, एक कमी हाय." मग अगदी हळू, "तनू न्हाय."

बाया उठल्या, हाका सुरू झाल्या. भोवतीची ज्वारी माणसाच्या वर गेलेली. ज्वारीपलीकडे बिनकठड्याची विहीर.

"गप बसा समद्या!" तो पहिल्यांदाच ओरडला. मग मला म्हणाला, "आज हात कुठं धुतले?"

"धुतले नाहीत."

तो विहिरीकडे पळाला. मी मागे. पानं तोंडाला कापत होती.

तनू अगदी काठावर उकिडवी बसली होती, दोन्ही हात खाली लांबवून. पाणी चार पुरुष खोल. मी किंचाळणार, तोच त्यानं माझ्या तोंडावर हात दाबला. दहा पावलांवर मातीत बसला आणि आमचं रोजचं गाणं म्हणू लागला, "हात धू गं, बोटं धू गं..." आवाज फुटत होता, पण चाल मोडली नाही. तनूनं मान वळवली. ती उठली. तिच्या पायाखालचा खडा निसटून आत पडला. त्याचा आवाज फार उशिरा आला. मग ती चालत आली आणि मातीनं भरलेले हात तिनं त्याच्यापुढे धरले.

त्याला उठायला मला हात द्यावा लागला.

आम्ही चिंचेखाली परतलो, तर कुणीतरी म्हणालंच, "कळप सांभाळतोय म्हणं, येक पोरगी सांभाळंना!"

तो खाली बघत राहिला. हात धुणं मी गाळलं होतं, त्याला लाडू वाटायला मीच लावलं होतं. पण खरं बोलले तर उद्या एकही आई येणार नाही, या भीतीनं माझी जीभ उचलेना. तनूला खांद्यावर घेऊन तो ज्वारीतून निघून गेला. त्यानंतर तो चिंचेखाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, "पोरीला घिऊन गेला मेंढरांमागं. आता इकडं सोडत न्हाय म्हणला तिला."

स्टँडवर धावत जाऊन त्याच्या बायकोला गाठलं, गाडी सुटायच्या आत सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि गाडीत चढली.

मग मी एकेका आईच्या दारात गेले. चूक त्याची नाही, माझी, एवढंच सांगत होते. तिसऱ्या घरी दार तोंडावर लावून घेतलं. मी चौथ्या घरी गेले.